लाखीच्या पायाचं माप

नाल उपटली तशी चौथ्या खिळ्याच्या भोकातून काळसर पाणी आलं आणि पाठोपाठ पू. लाखीने पाय हिसडला नाही. उलट एक लांब श्वास सोडला आणि मान खाली घातली.

"काय निघालं गं?" ढेबे सिस्टरांनी विचारलं. लाखीची म्होरकी त्यांच्या हातात होती.

"पू झाला होता. बरं झालं आज आणलीत. आता ठणका उतरेल."

"पण झाला कशाने? नाल मारून सहा दिवस नाही झाले."

मी खूर मांडीवर धरून त्या भोकाकडे बघत राहिले. माझ्या मागे पाच पावलांवर माझे वडील उभे होते. सगळं पठार त्यांना तात्या म्हणायचं, आणि मीही.

"खूर कच्चा आहे तिचा," मी म्हणाले. "नाल धरणारा नाही. काही घोड्यांचा असतो असा."

सिस्टर लाखीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मागून तात्या काहीच बोलले नाहीत.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. आमच्या पठारावर चाळीसेक घोडे होते, पर्यटकांना फिरवणारे, आणि त्या सगळ्यांचे पाय आमच्या दारात व्हायचे. तात्या फौजेत अठरा वर्षं नालबंद होते. तिथून आल्यावर त्यांनी घराशेजारी पत्र्याची शेड टाकली. मी बाराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. खूर तासणं, कानस मारणं, नाल तापवून पायाच्या आकाराला आणणं हे सगळं मी करायचे आणि चांगलं करायचे; उगाच नम्रपणा कशाला. खिळे मात्र तात्याच मारायचे. बाईने मारलेल्या खिळ्यावर घोडेवाल्यांचा भरवसा नव्हता, आणि तात्यांनीही कधी ती हातोडी माझ्या हातात दिली नव्हती.

ढेबे सिस्टर म्हणजे उपकेंद्रातल्या नर्स, भागीरथी ढेबे. पंचेचाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पठाराच्या पलीकडच्या तीन वाड्या त्यांच्याकडे होत्या: उंबरवाडी, दांडवाडी आणि सगळ्यांत लांब माचीवाडी. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पोरांच्या लशी, बाळंतिणींची तपासणी, तापाची औषधं, सगळं त्या घोडीवरून न्यायच्या. धनगराच्या घरातल्या, त्यामुळे घोड्यावर बसायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लाखी त्यांच्याच दारात जन्मलेली. सात वर्षं ती अनवाणी पायाने त्या वाटेवर गेली होती. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर अर्ध्या वाटेवर खडी टाकली, लाखी चाचपत चालायला लागली, म्हणून सिस्टरांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा नाल मारून घेतली होती. आमच्याकडे.

पू निघाल्यावर पाय भराभर सुधारला. मी रोज सकाळी उपकेंद्रावर जाऊन कोमट मिठाच्या पाण्यात तिचा खूर बुडवून धरायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. बाकीच्या तीन पायांच्या नालाही मी काढून टाकल्या. चौथ्या आठवड्यात ती गवतावर छान चालू लागली. खडीवर आणली की मात्र पुढचे पाय अंगाशी घेऊन उभी राहायची.

तेवढे दिवस सिस्टर पायी फिरत होत्या. त्यांच्या एका गुडघ्याला पट्टा बांधलेला दिसायला लागला. मी बघायचे आणि खाली बघून पाय बुडवत राहायचे.

एके दिवशी त्या सहज सांगावं तसं म्हणाल्या, "रविवारी कराडचा एक जण येतोय. वरातीला घोडी हवीय त्याला. बघू म्हटलं."

"लाखीला देणार?"

"कच्च्या खुराची घोडी घेऊन मी काय करू शालन? वाडीत कुणी अडलंय आणि ही वाटेत बसली तर? वरातीत काय, डांबरावरून हळूहळू चालायचं असतं."

मला वराती ठाऊक होत्या. कानाशी बँड, अंगाशी फटाके, तासन्‌तास एका जागी उभं. लाखीला वाऱ्याची आणि मोकळ्या माळाची सवय. मी त्या दिवशी घरी आले आणि पुण्याला मेजर थोरातांना फोन लावला. ते फौजेत घोड्यांचे डॉक्टर होते, तात्यांना ओळखायचे. निवृत्तीनंतर ते एका रायडिंग क्लबात जायचे, आणि त्या क्लबाचे लोक लांबच्या रपेटीला आमच्याकडे आले होते तेव्हा दोन बिननालेचे घोडे मी बघितले होते. खडी आली की मालक उतरायचा आणि घोड्याच्या पायात बूट चढवायचा. रबराचा तळ, वर जाड कापडी पट्टा.

मेजरसाहेब म्हणाले, "क्लबात जुने पडलेत चार-पाच. पाठवतो. पण शालन, माप बसलं नाही तर बूट नालेपेक्षा वाईट. एवढं लक्षात ठेव."

तात्यांना कळलं तेव्हा ते चहा पीत होते. "घोड्याला बूट?" ते म्हणाले. "मग पावडर-कुंकूही लाव."

"हसा तुम्ही."

"हसत नाही. अठरा वर्षांत कुठल्या घोड्याला बूट घातलेला बघितला नाही मी."

"मग आता बघा."

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना बशी वाजली, आणि त्यांनी झटकन हात गुडघ्याखाली घेतला.

शुक्रवारी एसटीने गोणी आली. तिच्यात पाच बूट. तीन मापांचे. मी ते शेडमध्ये ओळीने मांडले. एक जोडी मोठी, जवळजवळ नवी. एक जोडी मधली, तळ झिजलेला पण शाबूत. एक बूट एकटाच, लहान. पुढचे दोनच पाय सांभाळायचे होते, मागच्यांनी तिला त्रास दिला नव्हता. घोड्याचा भार पुढच्या पायांवर जास्त पडतो.

सिस्टर वाडीला गेल्या होत्या, म्हणून लाखीला मीच घेऊन आले. पट्टीने पुढच्या खुराची रुंदी घेतली, जिथे तो सगळ्यांत पसरट असतो तिथे. मग टोकापासून टाचेपर्यंतची लांबी. माप दोन्ही जोड्यांच्या मध्ये पडत होतं.

"मोठी घाल," तात्या दारातून म्हणाले. बघणार नाही म्हणाले होते, तरी उभे होते. "पायाला दाबायला नको. आतून चिंध्या कोंब."

पोराला वाढत्या मापाची चप्पल घेतात तसं ते होतं. मलाही ते पटलं, कारण ती जोडी नवी होती आणि पायात सहज गेली. पट्टा ओढला, लाखीला शेडमागच्या माळावर नेलं. चालली. पहिल्यांदा पाय फार उंच उचलत, चिखलातून निघाल्यासारखी, मग नीट. मी तिला दुडकी चालवली आणि वळण घेतलं. वळणावर उजवा बूट पायातच फिरला. टाचेची बाजू पुढे आली, लाखी स्वतःच्याच बुटात अडखळली आणि गुडघ्यावर आली. उठली ती कान मागे टाकून. मी तिच्या गळ्याला हात घालून उभी राहिले. खडकाच्या उतारावर, पाठीवर सिस्टर असताना हे झालं असतं तर?

शेडमध्ये आल्यावर तात्यांनी मधली जोडी पायाने माझ्याकडे सरकवली.

ती पायात जाईना. मी दाबलं, बाजूने घातली, नाही. मग मी खाली बसले आणि बुटाकडे बघायचं सोडून पायाकडे बघितलं. चार आठवडे मी त्या खुराला कानस लावली नव्हती. टोक पुढे आलं होतं आणि कडा घंटेसारख्या बाहेर फाकल्या होत्या. मी पाय मोजला होता खरा, पण वाढलेल्या खुराचा.

मग मी माझं काम केलं, जे मला कुणापेक्षाही चांगलं येतं. फाकलेली कड कानसने आत घेतली, टोक मागे आणून गोल केलं, टाचा एका पातळीत आणल्या. घाई केली नाही. अर्धा तास एका पायाला. पुन्हा पट्टी लावली आणि माप मधल्या जोडीचंच निघालं. बूट अर्धा गेला आणि अडला, तेव्हा मी लाकडी मोगरीने टोकावर दोन ठोके दिले. तो खट्‌कन बसला. दोन्ही हातांनी धरून पिळून बघितला, हलला नाही. टाचेमागे माझं करंगळीचं टोक जेमतेम जात होतं. हवं होतं तसंच.

माळावर चालवली, दुडकी नेली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग खडीवर घेतली. लाखी खडीच्या कडेला थांबली, नाक खाली नेऊन हुंगलं आणि सरळ चालत गेली.

अर्ध्या तासाने बूट काढून पाहिलं. टाचेच्या मांसल भागावर एका ठिकाणी केस घासले गेले होते. जुन्या घोंगडीची पट्टी कापून मी तिथे आतून शिवली. शनिवारी पुन्हा एक तास. या वेळी कातडी कोरडी, साफ.

शनिवारी संध्याकाळी सिस्टर आल्या. मी त्यांच्यासमोर बूट चढवून लाखीला खडीवरून नेऊन आणलं. त्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या. तात्या शेडच्या खांबाला टेकून उभे.

"चांगलं केलंस," सिस्टर म्हणाल्या. "पण नको."

"का?"

"बुटाने वरून झाकलं जाईल. आतून खूर कच्चाच ना? तूच सांगितलंस. आज बरी आहे, दोन महिन्यांनी पुन्हा पू. मी किती दिवस तिच्या भरवशावर बसू? तो माणूस उद्या दहाला येतोय."

त्यांनी म्होरकीला हात घातला.

त्या क्षणी मला कळलं की बुटांचं काम मी पूर्ण केलं होतं आणि खरं काम अजून तसंच होतं.

"सिस्टर, थांबा. तिचा खूर कच्चा नाही."

"म्हणजे?"

"चांगला आहे. पठारावर असे चार घोडे नसतील. खिळा चुकला होता. खुराच्या कडक भिंतीत जायचा तो आत मऊ भागात गेला. चौथा खिळा." पुढचं वाक्य मी आधीच ठरवलं होतं. "तो खिळा मी मारला होता. तात्यांचं बोट दुखत होतं म्हणून मी—"

"खोटं बोलतीय," तात्या म्हणाले.

ते खांबापासून पुढे आले. उजवा हात त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये धरला, तळवा खाली. हात थरथरत होता. फार नाही, वाऱ्यात पान हलावं एवढा. पण खिळ्याला तेवढं पुरतं.

"खिळा माझा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली हाताला असं होतंय. हिने पाय धरला होता. खंडू आणि आणखी दोघं घोडेवाले बघत बसले होते, तात्यांचा हात म्हणजे डोळे मिटून भरवसा, असं काहीतरी म्हणत होते. खिळा भिंतीत जातो तेव्हा आवाज खणखणीत येतो. मऊत गेला की बसका येतो. त्या खिळ्याचा बसका आला."

मी मान वर केली. तो आवाज मी ऐकला होता. लाखीची कातडी शहारलेलीही माझ्या मांडीला जाणवली होती. तीन माणसं बघत होती, म्हणून मी गप्प बसले होते. महिनाभर मला वाटत होतं की हे फक्त मला ठाऊक आहे.

"तुम्ही ऐकला होता?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं तोच आवाज ऐकतोय. ऐकणार नाही?"

सिस्टरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"महिनाभर मी पायी फिरले. माचीवाडीला एकदाही पोचले नाही, पोचले असते तर अंधाराआधी परत येता आलं नसतं. तिथल्या अकरा पोरांचे डोस राहिलेत. आणि तुम्ही दोघं मला सांगत होता की खोट माझ्या जनावरात आहे. उद्या मी तिला देऊन टाकली असती."

तात्यांनी हात जोडले नाहीत की सबबी सांगितल्या नाहीत. "खरंय," एवढंच म्हणाले.

"मी पाय धरला होता," मी म्हणाले. "थांबवायला हवं होतं मी. माझंही तेवढंच."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तात्यांच्या हाताकडे पाहिलं. नर्सच्या नजरेने पाहिलं, हेही मला दिसलं.

"डॉक्टरांना दाखवलाय हा हात?"

"नाही."

"सोमवारी केंद्रात या. मोठे डॉक्टर येतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लोखंड पुन्हा तिच्या पायाला लागणार नाही. बूट चालतील. कराडच्या माणसाला मी फोन करते. उद्या सहाला निघायचं, आणि तू बरोबर येशील. बूट टिकतात का ते मला घरी बसून कळणार नाही."

रविवारी सहाला आम्ही निघालो. सिस्टर घोडीवर, लशीचा डबा खांद्याला, मी पायी मागे. सुरुवातीला खडी. लाखी थांबली नाही. मग जांभ्या दगडाचा कातळ, धारदार, खाचाखाचांचा. मी तिच्या पायांकडे बघत चालत होते, इतकी की दोनदा स्वतःच ठेचकाळले. उंबरवाडीच्या ओढ्यात पाणी गुडघाभर होतं आणि पलीकडे काळा चिखल. चिखलाने डावा बूट ओढून धरला. पाय निघाला तेव्हा बूट टाचेतून थोडा सरकला होता. मी थांबवलं, बूट काढला, धुतला, पुन्हा ठोकून बसवला आणि पट्टा एक घर जास्त ओढला.

"हे असं मला करता आलं पाहिजे," सिस्टर वरून म्हणाल्या.

"मग उतरा."

त्या उतरल्या. मी बूट पुन्हा काढला आणि त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा वाकडा बसला. दुसऱ्यांदा त्यांनी मोगरी मागून घेतली, दोन ठोके दिले आणि दोन्ही हातांनी पिळून बघितला. मी काही सांगितलं नाही.

उंबरवाडीत पाऊण तास गेला. दांडवाडीला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. देवळाच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. सिस्टरांनी डोस दिले, दोघी पोटुशींचं वजन केलं, एका म्हाताऱ्याचं बोट बांधलं. तेवढ्यात मी लाखीचे बूट उतरवून तिच्या टाचा तपासल्या. कुठे घासलं नव्हतं. पुन्हा चढवले.

सिस्टर ओटा उतरून आल्या, घड्याळात पाहिलं, मग माचीवाडीच्या खिंडीकडे.

"आज होईल," त्या म्हणाल्या. "तू इथून परत जा. तुझ्या पायांनी मला उशीर होतोय."

"पट्टा सैल झाला तर—"

"बघितलंय मी."

त्यांनी टाच दिली. लाखी कातळ चढून गेली, कुठे पाय ठेवावा हे न शोधता, आणि वळणावर दिसेनाशी झाली. सिस्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढचं वर्षभर त्या तात्यांशी कामापुरतंच बोलल्या. लाखीला मात्र दर पाचव्या आठवड्याला तासायला माझ्याकडेच आणलं, आणि माझ्या हाताने मापलेल्या बुटांवर ती घोडी पुढे नऊ वर्षं त्या वाटेने गेली.

मी घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. तात्या शेडच्या उंबऱ्यावर बसले होते.

"नीट गेली?"

"माचीवाडीला गेली."

"टाचा?"

"साफ."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "सकाळी मी पठारावर गेलो होतो. सगळे घोडेवाले होते तिथे. सांगून आलो."

"काय सांगून आलात?"

"लाखीचं. माझ्या हाताचं. आणि उद्यापासून खिळे शालन मारणार. ज्याला चालत नसेल त्याने वाईला घोडा न्यावा."

"कोण काय म्हणालं?"

"खंडू म्हणाला, बाईच्या हातून? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काही नाही. उठून गेला."

रात्रभर मी तेच घोळवत होते. पठारावरचा सगळ्यांत तापट घोडा खंडूचा होता आणि सोमवारी त्याच्याच चारी पायांची पाळी होती. सकाळी मी भट्टी पेटवली, खिळे निवडून डब्यात ठेवले. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तात्या केंद्रात जायला निघाले, पण फाटकाशीच घुटमळत राहिले.

दहाच्या सुमाराला खंडू आला. कुणाकडे न बघता त्याने घोडा खांबाला बांधला, खाली वाकून त्याचा पुढचा डावा पाय उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"बघतेस काय?" तो म्हणाला. "मार."